मीटर सगळ्यात शेवटी उघडायचं

"मेस्त्री, मीटर गेलं हो." पाय खाली टेकायच्या आधीच ड्रायव्हर निदान सांगून मोकळा होतो.

माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान हातखंबा तिठ्याजवळ आहे. रत्नागिरीतून निघालेली गाडी मुंबईला जायची असो, गोव्याला असो की पाली-साखरप्यावरून आंबा घाट चढून कोल्हापूरला, तिला इथूनच जावं लागतं. एप्रिल-मेमध्ये आंबा, एरवी मिरकरवाडा बंदरातली मासळी, आणि दोन्ही वाहणार पिकअपच. २६ वर्षांत या गाड्यांच्या मीटरच्या, म्हणजे स्टिअरिंगसमोरच्या काट्या-दिव्यांच्या पॅनेलच्या, इतक्या तक्रारी ऐकल्या की आता गाडी आली की मी आधी हौद्याच्या मागे जाऊन उभा राहतो. ड्रायव्हर म्हणतो, "मेस्त्री, मीटर पुढे आहे." मी म्हणतो, "माहीत आहे मला."

मीटर बहुतेक वेळा बरंच असतं. बिघाड असतो टेललाइटच्या स्क्रूत, डायनामोच्या बारक्या वायरीत, नाहीतर कुणीतरी हौसेनं बसवलेल्या म्युझिक सिस्टीममध्ये. म्हणून मीटर उघडायचा भाग मी अगदी शेवटी ठेवलाय. तोवर लाइट लागली तर तो भाग वाचूच नका.

एक गोष्ट आधीच सांगतो. हे सगळं १२ व्होल्टच्या पिकअपबद्दल आहे. मोठ्या ट्रकला दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट असतात आणि दोन्हींचे बल्ब दुकानात एकाच काचेच्या कपाटात, शेजारी-शेजारी, दिसायला सख्खे भाऊ. एकदा एक जण नवे बल्ब टाकूनही मीटर काजव्यासारखं मिणमिणतंय म्हणून आला. दोन दिवस वायरिंग तपासत होता बिचारा. मी बल्ब काढून बुडाला बघितलं, २४ लिहिलेलं. बल्ब घेताना बुडाचा आकडा वाचायचा, दुकानदाराच्या तोंडाकडे बघायचं नाही.

आधी हजेरी घ्या

मीटरमध्ये दोन जातींचे दिवे असतात. एक जात नुसता उजेड पाडते, रात्री काटे आणि आकडे दिसावेत म्हणून. ती पार्किंग लाइटच्या स्विचवर चालते. दुसरी जात बातमी देते: बॅटरी, ऑइल, हँडब्रेक, हीटर (थंड डिझेल इंजिन चालू होण्याआधी तापवणारा), डिझेलमधलं पाणी. या दिव्यांना करंट चावीवरून मिळतो आणि जुन्या गाड्यांत त्यातल्या बऱ्याच जणांचं दुसरं टोक बाहेरच्या एखाद्या स्विचमधून बॉडीला जातं. दोन्ही जातींचे बिघाड वेगळे, शोधायच्या जागा वेगळ्या. "मीटरची लाइट गेली" असं कुणी म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो, कुठली?

तेव्हा गाडी सावलीत लावा, हँडब्रेक ओढा, चावी ऑन करा पण सेल्फ मारू नका. बातमीचे दिवे या वेळी लागलेच पाहिजेत, निदान काही सेकंद. शाळेत हजेरी घेतात तशी एकेकाची घ्या आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मग गाडी चालू करा, दुसरा फोटो. पहिल्या फोटोत जो गैरहजर तो बल्बचा, वायरीचा किंवा त्याच्या स्विचचा रुग्ण. दुसऱ्या फोटोत जो जायला हवा होता पण गेला नाही, तो बहुधा खरं बोलतोय. त्याचं तोंड बंद करण्याआधी ऐकून घ्या. लाल दिवा असेल तर गाडी जागची हलवू नका, पिवळा असेल तर लवकर बघा. हिरवा आणि निळा नुसतं काहीतरी चालू आहे म्हणून सांगतात. निळा म्हणजे हेडलाइट अप्परवर आहे. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवत रात्रभर गाडी मारणारे माझ्याकडे येऊन विचारतात, हा निळा दिवा कसला हो.

हत्यारं फार लागत नाहीत. १० नंबरचा पाना, स्टार स्क्रू ड्रायव्हर, पॉलिश पेपर, व्हॅसलीन, एक साधा मल्टिमीटर. टेस्ट लॅम्प घरीच करा: १२ व्होल्टचा बल्ब, होल्डर, दोन वायरी, एका टोकाला चिमटा. आणि माझं सगळ्यात लाडकं हत्यार म्हणजे १५ फूट लांब वायर, दोन्ही टोकांना चिमटे. तिचं काम पुढे येईल.

उजेडच पडत नाही

काटे दिसत नाहीत, पण बातमीचे दिवे लागतात. तर पार्किंग लाइट लावा आणि खाली उतरून गाडीभोवती फिरा. टेललाइट आणि नंबरप्लेटची लाइट लागते का? बऱ्याच गाड्यांत ही सगळी मंडळी एकाच फ्यूजवर असतात. सगळेच अंधारात असतील तर फ्यूज बघा.

बाहेरचं सगळं लागतंय आणि फक्त मीटर काळं आहे, तर स्टिअरिंगच्या आसपास एक बारीक चाक किंवा बटण शोधा. उजेड कमी-जास्त करायचं ते चाक कुणीतरी शून्यावर नेलेलं असतं. हसू नका. गाडीत बसलेल्या पोरानं फिरवलेल्या या चाकापायी घाटमाथ्यावरून माझ्याकडे गाडी आली आहे, आणि मी दोन मिनिटांच्या कामाचे पैसे न घेता चहा घेतला आहे. चाक जुनं असेल तर ते स्वतःही खराब होतं. पुढे-मागे फिरवताना मध्येच लाइट लागून जात असेल तर दोष चाकातच.

फ्यूज उडाला असेल तर त्याच आकड्याचा टाका. लाल १० ॲम्पिअरचा, निळा १५, पिवळा २०. नवा फ्यूज लावताक्षणी उडाला तर पुढचा मोठा टाकायचा मोह आवरा. सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळून लावलेले फ्यूज मी या हातांनी काढलेत, आणि त्यामागची जळून एकमेकींना चिकटलेली वायरीची जुडीही काढली आहे. त्याऐवजी फ्यूज काढा आणि त्याच्या दोन पायांच्या जागी टेस्ट लॅम्प जोडा, २१ वॅटचा बल्ब असेल तर उत्तम. शॉर्ट असेल तोवर बल्ब भगभगीत पेटेल. आता एकेक गोष्ट सोडवत जा: म्युझिक सिस्टीम, मोबाइल चार्जर, केबिनवरच्या रंगीत पट्ट्या, नंबरप्लेटचं होल्डर, मग एकेका टेललाइटचा कपलर (वायरी जोडणारं प्लास्टिकचं खटकं). जे सोडवल्यावर बल्ब एकदम मंदावतो, चोर तिथे.

माझ्याकडच्या गाड्यांत चोर दोन ठिकाणी सापडतो. एक म्हणजे म्युझिक सिस्टीमच्या उजेडाची वायर. बसवणाऱ्यानं ती मीटरच्या लाइटला जोडलेली असते, वर टेप गुंडाळलेली, आणि उन्हाळ्यात टेपचा गोंद सुटून ती बॉडीला टेकते. दुसरं म्हणजे हौद्याखालून मागे जाणारी वायर, चासीच्या कडेला घासून सोललेली. जुलै-ऑगस्टमध्ये तिसरा चोर येतो. आंब्याचा हंगाम संपला की पेट्यांतला पेंढा हौद्यात तसाच राहतो, गाडी शेडखाली उभी, आणि उंदीर पेंढ्यातून केबिनमध्ये मुक्कामाला. गाडी उभी करण्याआधी पेंढा झाडून टाका. वायरिंगच्या खर्चापुढे झाडूची किंमत ती काय.

ब्रेक दाबला की मीटर उजळतं

आता मी मागे का जाऊन उभा राहतो ते सांगतो.

मासळीची एक पिकअप आली. तक्रार अशी की पार्किंग बंद असताना ब्रेक दाबला की मीटरची लाइट मंद लागते, आणि डावा इंडिकेटर दिला की मीटर इंडिकेटरच्या तालावर नाचतं. आधी एका ठिकाणी ब्रेकचा स्विच बदलून झाला होता, दुसऱ्या ठिकाणी जुन्या गाडीतलं मीटर आणून बसवलं होतं. नव्या मीटरनंही तोच नाच सुरू ठेवला. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला.

मागचा टेललाइटचा बल्ब दोन तारांचा असतो. ५ वॅटची तार पार्किंगची, २१ वॅटची ब्रेकची. दोन्हींना अर्थ एकच, म्हणजे बॉडीला जाणारी परतीची वाट एकच. मासळीच्या गाडीत बर्फाचं खारं पाणी क्रेटमधून रात्रभर ठिबकतं आणि नेमकं मागच्या कोपऱ्यात साचतं, जिथे त्या अर्थचा स्क्रू असतो. वर्षभरात स्क्रूचा भुगा होतो आणि वायर नुसती दिसायला जागेवर राहते. मग ब्रेकचा करंट २१ वॅटच्या तारेतून उतरतो आणि बघतो तर वाट बंद. भरतीला खाडीचं पाणी पऱ्ह्यात उलटं शिरतं ना, तसा तो शेजारच्या ५ वॅटच्या तारेतून उलटा चढतो, पार्किंगच्या वायरीत शिरतो आणि पुढे नंबरप्लेटच्या, मीटरच्या, सापडेल त्या बल्बमधून अर्थ गाठतो. मीटर लागलेलं दिसतं ते त्यामुळे. बिचारं मीटर वाटसरूला पाणी पाजत असतं.

ओळखायचं कसं? इथे ती १५ फुटी वायर काढा. एक चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हला किंवा चासीच्या घासून चकचकीत केलेल्या जागेला, दुसरा टेललाइटच्या अर्थच्या वायरीला. सोबतच्याला ब्रेक दाबायला सांगा. मीटरचं नाचणं थांबलं आणि मागची लाइट लखलखीत झाली, तर निदान पक्कं. मल्टिमीटर असेल तर तो २० व्होल्ट डीसीवर ठेवा, लाइट चालू असताना लाल टोक अर्थच्या वायरीला, काळं बॅटरीच्या निगेटिव्हला. आकडा ०.२ च्या खाली असला की अर्थ चांगला. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला की तिथे गंज आहेच, वरून स्क्रू कितीही घट्ट दिसो.

दुरुस्ती करताना नुसता स्क्रू आवळू नका. काढा, पॉलिश पेपरनं पत्रा उघडा पडेपर्यंत घासा, वायरीला नवं थिंबल (टोकाला बसणारी धातूची कडी) लावा, स्टार वॉशर घालून आवळा आणि मग वरून व्हॅसलीन फासा. आधी व्हॅसलीन फासून मग आवळणारेही आहेत, तसं नको. तांब्याची वायर कापल्यावर आतून हिरवी-काळी निघाली तर स्वच्छ लाल तांबं लागेपर्यंत मागे कापत जा. आमच्याकडच्या खाऱ्या हवेत वायर आतल्या आत हातभर कळकलेली असते. मासळीच्या गाडीला तर मी मागच्या अर्थवर विश्वासच ठेवत नाही, सरळ एक जाड काळी वायर मागून पुढे ओढतो. त्या गाडीचंही तेच केलं. मालकाचं जुनं मीटर अजून सीटखाली होतं, ते परत बसवलं, मस्त चाललं.

मराठीत अर्थ म्हणजे पैसाही आणि मतलबही. आमच्या धंद्यात अर्थ सुटला की ड्रायव्हरचे दोन्ही जातात.

असाच नाच दुसऱ्या एका कारणानंही होतो. दोन तारांच्या बल्बच्या जागी कुणी एका तारेचा बल्ब दामटून बसवला की दोन्ही सर्किटं बुडाशी जोडली जातात. म्हणून स्क्रूला हात लावण्याआधी मागचे बल्ब काढून बघा.

सेल्फ मारला की सगळे दिवे पूर्ण विझतात, काटे पडतात, हे वेगळं. तिथे आधी बॅटरीचे टर्मिनल हातानं हलवून बघा, नंतर इंजिनापासून चासीला जाणारी अर्थची पट्टी. ती तुटली असेल तर सेल्फचा करंट क्लचच्या नाहीतर ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल हाताला गरम लागते. तसं झालं की सेल्फ मारणं तिथेच थांबवा.

बॅटरीचा दिवा, आणि माझी चूक

बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा नुसता दिवा नाही. जुन्या, बल्बच्या मीटरमध्ये त्या बल्बमधून जाणारा थोडासा करंटच डायनामोला जागं करतो. (आता सगळे अल्टरनेटर म्हणतात, पण घाटावरचा असो की बंदरावरचा, ड्रायव्हर डायनामोच म्हणतो.) चावी ऑन केली की करंट बल्बमधून डायनामोच्या फिरत्या गुंडाळीत जातो, बल्ब लागतो, गुंडाळीत चुंबक तयार होतं. गाडी चालू झाली की डायनामो स्वतः वीज करतो, बल्बच्या दोन्ही टोकांना सारखेच व्होल्ट येतात आणि बल्ब विझतो. हा बल्ब उडालेला असला तर डायनामो जागाच होत नाही, झालाच तर जोरात रेस दिल्यावर.

हे मला माहीत होतं. तरी भाच्याच्या पिकअपचं मीटर उघडलं तेव्हा त्याच्या हट्टापायी सगळे बल्ब काढून एलईडी घातले. पांढराशुभ्र उजेड, भाचा खूश. एलईडी उलटा बसला तर लागत नाही, आणि नेमका बॅटरीचा उलटा बसला. घाई होती, मी हजेरी घेतलीच नाही. आंब्याच्या पेट्या भरून वाशीला निघालेली ती गाडी कशेडी घाटाच्या अलीकडे पोचली तेव्हा हेडलाइट पिवळे पडायला लागले. रात्री दोनला फोन. गाडी रातोरात दुसऱ्या बॅटरीवर काढली, आंबा पोचला, पण भाऊजी अजून चारचौघांत ती गोष्ट सांगतात. एलईडी सरळ बसला असता तरी तो घेतो इतका थोडा करंट की डायनामोला तेवढा पुरेलच असं नाही. मीटरचा उजेड एलईडीचा करायचाय तर करा, पण जुन्या मीटरात बॅटरीचा दिवा बल्बचाच ठेवा, जेवढ्या वॅटचा होता तेवढ्याच वॅटचा.

चावी ऑनवर हा दिवा लागतच नसेल तर डायनामोच्या मागची बारीक वायर सोडवा आणि तिचं टोक बॉडीला टेकवा. दिवा लागला तर बल्ब आणि वायर ठीक, दोष डायनामोच्या कार्बनमध्ये (आत घासणाऱ्या ब्रशांत) किंवा व्होल्ट आवरणाऱ्या रेग्युलेटरमध्ये. नाही लागला तर बल्ब किंवा वायर. बारीक वायर म्हणजे बारीकच. जाड वायर थेट बॅटरीतून आलेली असते, ती बॉडीला लागली तर वेल्डिंग होईल.

आणि गाडी चालू असताना हा दिवा लागला तर? मल्टिमीटर बॅटरीच्या टर्मिनलवर धरा. बंद गाडीला भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, चालू गाडीला साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. चालू असूनही बाराच्या आसपासच राहिला तर चार्जिंग नाही. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर गेलाय, आणि तुमचे बल्ब महिन्या-महिन्याला का उडतात त्याचंही उत्तर मिळालं. दिवा मिणमिणता, अंधारातच दिसेल इतका मंद लागत असेल तर डायोड किंवा कार्बन संपत आलेत.

पण मल्टिमीटर धरण्याआधी बॉनेट उघडून डायनामो फिरवणारा पट्टा आहे का ते बघा. बऱ्याच जुन्या डिझेल पिकअपांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप डायनामोच्याच पाठीवर बसवलेला असतो. पट्टा तुटला की चार्जिंग जातं, आणि दोन-तीनदा ब्रेक दाबल्यावर पेडल दगडासारखं होतं. पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर असला तर इंजिनही तापायला लागतं. सपाट रस्त्यावर बॅटरीच्या दिव्याकडे दुर्लक्ष करून घरी पोचलेले पुष्कळ आहेत. आंबा घाट उतरताना हा दिवा लागला तर गाडी खालच्या गिअरवर घ्या, बाजूला उभी करा, चाकाला दगड लावा, मग बॉनेट उघडा.

बाकीचे लाल-पिवळे

ऑइलचा दिवा. चालू गाडीत लागला की इंजिन तिथल्या तिथे बंद, पुढचा पेट्रोल पंप दोनशे मीटरवर असला तरी. डिपस्टिक बघा. ऑइल बरोबर असेल तर इंजिनवरच्या ऑइल स्विचची वायर काढून चावी ऑन करा. दिवा गेला तर वायर ठीक आहे, दोष स्विचचा किंवा खरोखर प्रेशरचा. ते प्रेशर गेज लावूनच कळतं, अंदाजानं नाही. वायर काढूनही दिवा लागलेलाच तर वायर कुठेतरी बॉडीला टेकलीय. स्विचच्या कपलरमध्ये ऑइल भरलेलं दिसलं तर स्विच बदला, तो आतून फुटलाय.

ब्रेकचा दिवा. हँडब्रेक खाली आहे असं वाटतं पण अर्धा दात वर राहिलेला असतो, तो आधी नीट खाली दाबा. मग ब्रेक ऑइलची बाटली बघा. पातळी कमी झाली म्हणजे गळती आहे किंवा ब्रेकचे लायनर (चाकातलं घासणारं अस्तर) झिजलेत. नुसतं ऑइल ओतून दिवा घालवणं म्हणजे डॉक्टरच्या थर्मामीटरवर पाणी ओतण्यासारखं आहे. चाकं उघडून बघा.

डिझेलमधल्या पाण्याचा पिवळा दिवा पावसाळ्यात हमखास लागतो. फिल्टरच्या बुडाला एक स्क्रू असतो, खाली डबा धरा, तो सैल करा, पाणी जाऊन स्वच्छ डिझेल येईपर्यंत वाहू द्या, परत आवळा.

काट्यांचं म्हणाल तर जुन्या मीटरात एक साधी गोष्ट लक्षात ठेवा. एकटा डिझेलचा काटा खोटं बोलतो तेव्हा टाकीतला फ्लोट बघा, एकटा टेंपरेचरचा खोटं बोलतो तेव्हा त्याचा सेन्सर. दोन्ही काटे एकदम खोटं बोलायला लागले तर टाकी उतरवू नका. दोघांचं सामाईक काय आहे ते शोधा: मीटरचा अर्थ, किंवा मीटरच्या आतला छोटा रेग्युलेटर.

नव्या गाड्या

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे गाडीच्या धुराचे कडक नियम, आले. तेव्हापासूनच्या बहुतेक गाड्यांत मीटर हा कॉम्प्युटरच्या टेबलावर बसलेला कारकून आहे. त्याला थेट स्विचमधून वायर येत नाही, एकमेकींना पीळ घातलेल्या दोन वायरींवरून निरोप येतात. तिथे टेस्ट लॅम्प टोचू नका, कुठलीही वायर बॉडीला टेकवू नका, आणि एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला तर हातही लावू नका. वर सांगितलेले वायर टेकवायचे प्रयोग जुन्या गाड्यांपुरतेच. नव्या गाडीत एकदम चार-पाच दिवे लागले तर आधी बॅटरीचे व्होल्ट आणि टर्मिनल तपासा. बॅटरी खाली आली की कॉम्प्युटर काहीबाही बरळतो. ते ठीक असेल तर स्कॅनर (कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावणाऱ्याकडे जा. आणि स्कॅनर लावून कोड नुसता पुसणाऱ्याकडे नको, तो कोड कागदावर लिहून देणाऱ्याकडे जा. चेक इंजिनच्या दिव्यावर काळी टेप लावून आणलेल्या गाडीला मी हात लावत नाही. आधी टेप काढायला सांगतो.

आता उघडा

इतकं सगळं करूनही मीटर काळंच असेल तर बॅटरीची निगेटिव्ह काढा. निगेटिव्ह आधी, कारण पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला लागला तर ठिणगी उडते. लावताना निगेटिव्ह शेवटी.

मीटरभोवतीची प्लास्टिकची चौकट दोन-चार स्टार स्क्रूंवर आणि काही क्लिपांवर असते. स्क्रू सगळे निघालेत याची खात्री होईपर्यंत ओढू नका. जुनं, उन्हानं वाळलेलं प्लास्टिक पापडासारखं मोडतं. चौकट निघाली की मीटरचे स्क्रू, मग मीटर थोडं पुढे घ्या आणि मागे हात घाला. केबलचा स्पीडोमीटर असेल तर केबलची खिट्टी दाबून सोडवा. कपलर काढण्याआधी फोटो. कपलरला कुलूप असतं, ते दाबून कपलर धरून ओढायचा, वायर धरून नाही.

मागे बल्बची छोटी होल्डरं दिसतील, पाव वळसा फिरवली की हातात येतात. बल्बची तार तुटलीय का, काच काळी पडलीय का बघा. एक मेला असेल तर उजेडाचे सगळेच बदला, एका वयाचे असतात. होल्डरच्या पितळी पायांवर हिरवं चढलं असेल तर पॉलिश पेपरचा बारीक तुकडा फिरवा आणि पाय किंचित वर उचला. मागे प्लास्टिकवर छापलेले तांब्याचे पट्टे असतात, त्यांवर जळका डाग शोधा. बारीक तुटलेला पट्टा सोल्डरचा छोटा डाग देऊन जोडता येतो, पण सोल्डरिंग आयर्न गरम करून धरून ठेवलंत तर प्लास्टिकच वितळेल. समोरची काच कोरड्या फडक्यानं पुसू नका, चरे पडतात. पेट्रोलनं तर मुळीच नाही, ती दुधासारखी होते. आत पाणी किंवा वाफ धरलेली दिसली तर पुढच्या मोठ्या काचेचं रबर तपासा, नाहीतर पुढच्या पावसात पुन्हा इथेच याल.

सगळं जागेवर लावण्याआधी, मीटर नुसतं कपलरवर लोंबत असताना, बॅटरी जोडा आणि चावी ऑन करून हजेरी घ्या. मी त्या दिवशी घेतली नव्हती ती. नंतर पार्किंग लावा, ब्रेक दाबा, दोन्ही इंडिकेटर द्या, आणि कुणालातरी मागे उभं करा. मग निगेटिव्ह पुन्हा काढून स्क्रू लावा. शेवटी हातात एखादा स्क्रू उरला तर "चालतंय" म्हणून खिशात टाकू नका. परत उघडा. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत तो उरलेला स्क्रू बहुतेक वेळा अर्थच्या वायरीचाच निघालेला आहे.